मत कळव म्हणालीस म्हणून

प्रिय वाचाळ,

खोकं पोचलं. कुरिअरवाल्याने जिने चढायचा कंटाळा करून ते खालच्या शिंप्याकडे टाकलं, आणि शिंप्याने दोन दिवस त्याच्यावर इस्त्री ठेवली. वरचा पुठ्ठा करपलाय, आतली पुस्तकं धडधाकट आहेत. पाचही वाचून झाली. खरं सांगायचं तर साडेचार. तू चिठ्ठीत लिहिलं होतंस, मत कळवा, गोडगोड नको. गोडगोड मला कधी जमलं नाही, हे सून म्हणून या घरात राहिलीस तेवढ्या काळात तुला कळलंच असेल. तेव्हा ज्या क्रमाने वाचली त्याच क्रमाने लिहिते.

पहिली ती खुनाची. वकिलाचं प्रेत त्याच्याच बाथरूममध्ये, दार आतून बंद, आणि घरात संशय घ्यावा अशी सातजणं. ही मी एक्स-रे सेंटरवर वाचली. आता मी आठवड्यातून तीनच दिवस जाते. श्वास घ्या, रोखा, सोडा, असं म्हणायचं, फोटो नीट आलाय का बघायचं, पुढच्याला अंगातलं काढून गाऊन घालायला पाठवायचं, आणि तो गाऊनच्या नाड्यांशी झटापट करतो तेवढ्यात दोन पानं होतात. खुनी मला फार लवकर कळला. साऱ्या पुस्तकात तोच एक असा होता, ज्याच्याबद्दल लेखकाने एक शब्द वाईट लिहिला नव्हता. माझी तक्रार त्याबद्दल नाही. खुनी पकडला की तीन पानांत पुस्तक संपतं, ही तक्रार आहे. अगं, त्या वकिलाची बायको दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बाथरूममध्ये दात घासायला गेली असेल ना? ते कुणी लिहीत नाही. ह्यांना हे बोलून दाखवलं तर म्हणाले, बाई दात घासते हे वाचायला कोण पैसे देईल? तुझ्या सासऱ्यांचं वाचन तुला ठाऊकच आहे. आधी शेवटचं पान, मग पहिलं, आणि मधलं सगळं मला विचारून.

दुसरी प्रेमाची. दोघांची स्टेशनवर चुकामूक होते, तो समजतो ही आलीच नाही, ती समजते हा थांबलाच नाही, आणि पुढची सगळी वर्षं दोघं वेगवेगळ्या गावांत उसासे टाकत बसतात. एक फोन केला असता तर पुस्तक पहिल्याच प्रकरणात आटोपलं असतं. तो तिच्या सायकलची चेन बसवून देतो आणि काळे हात लपवत उभा राहतो, तेवढं प्रकरण चांगलं आहे, ते मी दोनदा वाचलं. बाकी मला जांभया आल्या. पण माझ्या एकटीच्या मतावर जाऊ नकोस. रविवारी आमच्याकडे एक मुलगी येते, जनावरांची डॉक्टर आहे. हातांवर मांजरांचे ओरखडे असतात आणि बोलते एवढ्या हळू की ह्यांना दर वाक्याला काय म्हणालीस असं विचारावं लागतं. तिने टेबलावरून हे पुस्तक सहज उचललं, ते जेवायला हाका मारल्या तरी खाली ठेवलं नाही. शेवटाकडे रडायला लागली. मी समोर टॉवेलांच्या घड्या घालत होते. नाक पुसून ती म्हणाली, किती बावळट आहेत ही दोघं. आणि परत रडली. तेव्हा माझ्याकडून नापास आणि तिच्याकडून पहिला वर्ग, असं धर.

मध्येच एक सांगून घेते. या वेळच्या चिठ्ठीत तू मायना घातलास तो 'प्रिय काकू'. वेगळी झाल्यानंतरही तू आई लिहीत होतीस, मग काही दिवस नुसतंच 'नमस्कार' लिहायला लागलीस, आणि आता काकू. मला काकू दूधवाल्यापासून सगळेच म्हणतात. मी नावासाठी अडून बसणाऱ्यातली नाही, तुला जे सोपं जाईल ते लिही. फक्त 'का' तू दोनदा गिरवलायस, ते मला दिसलं. तू लग्न होऊन आलीस तेव्हा पहिले कित्येक महिने आपल्याला एकमेकींशी बोलायला विषय नव्हता, आठवतं? चहा झाला का, झाला, तुमचा झाला का, झाला. मग माझं मनगट मोडलं. जिने आयुष्यभर लोकांची मनगटं बघितली तिचंच मोडलं, म्हणून सेंटरवर सगळे हसत होते. प्लास्टरमधल्या हाताने जाडं पुस्तक धरवेना, तर तू माझ्या पलंगाशी खुर्ची ओढलीस आणि मोठ्याने वाचायला लागलीस. पोलिसाला घोगरा आवाज, म्हातारीला किनरा, कुत्र्यालासुद्धा भुंकणं. शेजारच्या खोलीतून हे ओरडले, ही वाचते का बोलते, वाचाळ नुसती! तेव्हापासून तू वाचाळच. प्लास्टर निघालं तरी तू वाचणं थांबवलं नाहीस, आणि मीही हात बरा झालाय असं लवकर कबूल केलं नाही.

तिसरी भुताची. ही मी घरात एकटी असताना मुद्दाम वाचली, जरा भीती वाटेल म्हणून. नाही वाटली. भूत बिचारं कुणाचा गळा दाबत नाही, कुणाला झपाटत नाही. त्याची एक खोली असते आणि त्या खोलीतली खुर्ची खिडकीपाशी असावी एवढंच त्याचं म्हणणं असतं. घरात नवी आलेली माणसं खुर्ची हलवतात, सकाळी ती पुन्हा खिडकीपाशी. साडेतीनशे पानं हेच. अर्ध्यापर्यंत मला त्या माणसांचा राग आला, खुर्चीच ना, असू दे की तिथे. नंतर वाटलं, जिवंत माणसांनाही ऊन हवं असतं, त्यांनी खिडकीपाशी कधी बसायचं? लेखकाने या भांडणात कुणाचीच बाजू घेतली नाही, ते मला पसंत पडलं. आमच्याकडेही मागची खोली रंगवली, तू काम करायचीस ती. फिकट पिवळा. रंग त्या जनावरांच्या डॉक्टरनेच निवडला. तुझं टेबल भिंतीकडे सरकवलंय. फरशीवर त्याच्या चार पायांचे डाग पडलेत, मी सोडा लावून घासले, निघत नाहीत. चष्म्याचा नंबर वाढलाय आणि गुडघा जिन्यात कुरकुरतो, या माझ्याकडच्या इतर बातम्या.

चौथी अंतराळातली. हे खोक्यातून निघालं तेव्हा मी म्हटलं, हिचं डोकं फिरलं, मला कशाला यानं आणि ग्रह. आणि गंमत बघ, सगळ्यांत आवडली ती हीच. यान इतक्या लांब चाललंय की निघालेले लोक वाटेत म्हातारे होऊन गेले, आणि पोचणारे अजून जन्मायचेत. गोष्ट आहे ती मधल्यांची. निघायचं त्यांनी ठरवलं नव्हतं, पोचायचं त्यांच्या वाट्याला नाही. मग ते करतात काय? तर कपडे धुतात, भाजी लावतात, शेजाऱ्याशी आवाजावरून भांडतात, मुलांना गणित शिकवतात. एक बाई आहे, भाजीच्या दालनातले दिवे बदलणारी. आख्ख्या पुस्तकात ती एकदाही खिडकीतून बाहेर बघत नाही. का, तर म्हणते, बाहेर बघून दिवा बदलत नाही. मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. बाहेर पेशंट खोळंबला होता, त्याने दार वाजवल्यावर उठले. असं आणखी काही मिळालं तर जरूर बघ. शास्त्रातलं कळलं नाही तरी चालेल.

पाचवी इतिहासातली, आणि हीच ती अर्धी. घोडे इतके की माणसं दिसेनात. राणीला कामं दोनच, निरोप द्यायचा आणि वाट बघायची. मधल्या वेळात ती काय करते ते लेखकाला माहीत नसावं. तरी मी नेटाने वेढ्यापर्यंत आले होते. पुढे राहिली याला लेखक जबाबदार नाही. मी ती जेवणाच्या टेबलावर पालथी ठेवून कपडे काढायला गॅलरीत गेले, तेवढ्यात आमचे चिरंजीव आले. त्याने पहिलं पान उघडलं. तिथे तुझं अक्षर. मी आत आले तर पुस्तक हातात घेऊन उभा. म्हणाला, हे अजून चालू आहे? मी म्हटलं, आहे. त्याने आवाज चढवला नाही, तो चढवतही नाही, तुला माहीत आहे. एवढंच म्हणाला, आता तरी थांबव आई, तिला काय वाटेल? मी म्हटलं, तिलाच विचारते. तर म्हणाला, तू नक्की कुणाच्या बाजूची आहेस? मी म्हटलं, इथे सामना कुठे चाललाय, बाजू घ्यायला? त्यावर तो पुस्तक घेऊन त्याच्या खोलीत गेला. मी परत मागितलं नाही. राग आला म्हणून नव्हे. त्याला ते काही दिवस जवळ ठेवायचं असेल, तर ठेवू दे. मोडलेलं हाड मी आयुष्यभर बघत आले, मोडतं तिथे रेघ दिसते. तुमच्या दोघांत मला कधीच रेघ सापडली नाही, म्हणून मी तेव्हाही कुणाला दोष दिला नाही आणि आताही देत नाही.

पुढच्या रविवारी ती जनावरांची डॉक्टर आली तेव्हा मी तिला गॅलरीत घेऊन गेले आणि सरळ सांगितलं, ही पुस्तकं कोण पाठवतं ते. तुझ्याबद्दल तिला अर्थातच माहीत होतं, पहिल्या महिन्यातच त्याने सगळं सांगितलं होतं. पुस्तकांचं माहीत नव्हतं. भुताची कादंबरी तिच्या पिशवीत होती, मध्ये बसचं तिकीट खूण म्हणून घातलेलं. तिने ते तिकीट काढून घेतलं, पुस्तक मिटलं आणि माझ्या हातात दिलं. मला वाटलं, झालं, दुखावली. पण ती म्हणाली, हे तुमचं दोघींचं आहे, यात मी नको. मला तुमच्याशी बोलायला दुसरं काहीतरी सापडेल. तुम्ही मात्र थांबवू नका, त्याच्याशी मी बोलते. एवढं ती माझ्यासमोर पहिल्यांदाच बोलली असेल. आत जायला वळली, दारात थांबली आणि विचारलं, तेवढं सांगा, भूत शेवटी जातं का? मी म्हटलं, नाही जात. सगळ्यांना सवय होते. तिने मान हलवली आणि पानं घ्यायला गेली, कारण आत हे पाण्याच्या ग्लासांवरून चिरंजीवांशी वाद घालत होते.

तुझ्या आता लक्षात आलंच असेल. येत्या शुक्रवारी त्या दोघांचं लग्न आहे. रजिस्ट्रारच्या कचेरीत, सकाळच्या वेळी, मोजकी माणसं. तुमच्या जुन्या मित्रमंडळींपैकी कुणीतरी फोन करून 'तुला कळलं का' म्हणणार, हे नक्की. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. दोन दिवस मी ते नुसत्या कादंबऱ्यांच्या मतांवर संपवता येतं का ते बघत होते. मी जाणार आहे, फोटोत उभी राहणार आहे, आणि ते तोंडदेखलं नसेल. ती मुलगी मला आवडते. तुला हे सांगायला मला पाच कादंबऱ्या लागल्या. यानंतर खोकं पाठवावंसं वाटलं नाही तर पाठवू नकोस, मी कारण विचारणार नाही. वाटलं तर माझ्याच नावाने पाठव, घरात आता कुणी काही म्हणणार नाही. पण या पत्राचा अर्थ तुझी जागा भरली असा लावशील, तर तो चुकीचा लावशील. तसं असतं तर मी छापील पत्रिका पाठवून मोकळी झाले असते.

अजूनही तुझीच