शेजारच्या घरचं पाणी

आई, परवा वाशिंदला मी एका अनोळखी बाईच्या ओट्याशी उभं राहून पाणी मागितलं, आणि मागताना माझा आवाज अगदी तुझ्यासारखा झाला. तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आपण विसरलो, असंच मी धरून चालले होते.

मी हल्ली काय काम करते, हे तुला ठाऊक नाही. तू होतीस तेव्हा असं काम आपल्याकडे नव्हतंच. लोक नवं घर घेतात आणि व्यवहार पक्का करायच्या आधी कुणाकडून तरी ते तपासून घेतात. एका एजन्सीकडून तपासायला मी जाते. भिंतीला यंत्र लावून ओल बघते, नळ सोडते, बटणं दाबते, लाकडी दांडीनं एकेक फरशी ठोकत जाते. खाली सिमेंटचा माल नीट भरलेला नसला की फरशी पोकळ वाजते. दिवसभर रिकाम्या घरांतून माझ्याच ठोकण्याचा आवाज ऐकत असते. मग फोटो जोडून अहवाल लिहायचा आणि शहापूरला खोलीवर परतायचं. त्या घरांत पुढे कोण राहायला येतं, पहिलं दूध कुठल्या शेगडीवर उतू जातं, हे मला कधी कळत नाही. मी जाते तेव्हा घरात कुणी नसतं आणि लोक आले की माझं काम संपलेलं असतं.

परवाचं घर एका नव्या जोडप्याचं. म्हणजे व्हायचं होतं. रो-हाउस, दोन मजली, मागे छोटंसं अंगण. एरवी घर घेणारे येत नाहीत, पण ती दोघं आली होती; मुलगी माझ्याबरोबर खोल्याखोल्यांतून हिंडत होती. स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून म्हणाली, "ताई, इथून डोंगर दिसतो. भाकऱ्या करताना डोंगर दिसणार." नवरा हसला, "आधी भाकऱ्या येऊ देत." घर चांगलंच होतं गं. ओल नाही, वायरिंग नीट, दोनचार फरश्या सोडल्या तर बोट ठेवायला जागा नव्हती. फक्त अंगणाच्या भिंतीपलीकडे नाला होता. पाण्यावर फेस होता, आणि वारा फिरला की घशाशी काहीतरी कडू येत होतं. नळयोजना अजून तिथवर पोचलेली नाही. तोवर सगळं पाणी बोरिंगचं, आणि बोरिंग त्याच भिंतीला लागून.

ती दोघं गेल्यावर मी नाल्यापलीकडच्या जुन्या कौलारू घराशी गेले. ओट्यावर एक म्हातारी बाई शेंगा सोलत होती. म्हटलं, "मावशी, पाणी मिळेल का?"

"पान्याला कोन नाय बोलतं काय? बसा." ती आत गेली आणि प्लास्टिकच्या जारमधलं पाणी घेऊन आली.

"दारात बोरिंग आहे की तुमच्या."

"हाय ना. भांड्यांना हाय. त्या पान्यानं माझी तुळस गेली. दुसरी लावली, ती पन गेली. तुमाला तेच पायजे तर काढून देते." आणि ती हसली. "घर घेताव काय तिकडं?"

"नाही, मी नुसतं बघते."

"नुसतं बघायचा पगार भेटतो? बरं हाय गो बाय."

मी प्यायले, आणि मला मुरबाडकडचं ते गाव आठवलं. तुलाही आठवत असेल. माझ्यासाठी स्थळ आलं होतं आणि आपण घर बघायला गेलो होतो, तू, मामा आणि मी. मुलीनं कुठे घर बघायला जायचं असतं, असं मामा म्हणाला, तर तू म्हणालीस, "राहायचंय तिला, तू काय बघणार?" त्यांच्या पडवीत पाट मांडलेले, पाण्याचे तांबे भरून ठेवलेले. तू पाय धुतलेस आणि आत न जाता सरळ शेजारच्या घरी गेलीस. ही तुझ्या माहेरची रीत. सोयरीक करायची तर त्या घरचं पाणी पिण्याआधी शेजारचं प्यायचं. शेजारीण म्हणाली, "पानी प्यायला आलाव का चौकशी करायला?" तू म्हणालीस, "एकाच तांब्यात दोनी मावतं." मग तिनं सांगितलं. होळी झाली की विहीर तळाला जाते, ओढा टेकडीखाली, बाया पहाटेपासून वाटेवर. "पोरीला भांडी द्याल तर हंडे जास्त द्या," ती म्हणाली.

मी अजून ते पाहते आहे. तू परत येतेस, पाटावर बसतेस, त्यांचं पाणी पितेस आणि मुलाच्या बापाला विचारतेस, "होळीनंतर पाणी कुठून आणता?" मुलाचा बाप पानाचा डबा पुढे सारतो. मामा जमिनीकडे बघतो. आपण एसटीत बसलो तेव्हा सोयरीक मोडलेली होती, कुणी तसं म्हटलं नव्हतं इतकंच.

त्या रात्री मी जेवले नाही. तू चुलीपुढे भाकरी थापत होतीस, एक हात कमरेवर. आपल्याकडचे हंडे वाहून ती कंबर कशी झाली होती, ते मी रोज तेल लावताना बघत होते. तू वळूनही न बघता म्हणालीस, "आज डोळ्यानं रडून घे. जन्मभर कमरेनं रडण्यापेक्षा बरं." जूनमध्ये तू मला बांधकामाच्या डिप्लोमाला घातलंस. नंतर दुसरी स्थळं आली, गेली. मग येईनाशी झाली.

परवा अहवालाच्या शेवटी मी चार ओळी लिहिल्या. मागे नाला, फेस आणि वास मी स्वतः पाहिला. शेजारी बोरिंगचं पाणी पीत नाहीत असं सांगतात. पाण्यात काय आहे ते मला सांगता येणार नाही, पण ते प्रयोगशाळेत तपासून घेतल्याशिवाय घर घेऊ नये. एजन्सीच्या साहेबांचा फोन आला. "मॅडम, आपलं काम कुंपणाच्या आतलं. बाहेरचं बघायला सरकार आहे. त्या ओळी काढा." मी म्हटलं, "पाणी भिंतीखालून आत येतं, सर. ओळी राहू देत." ते म्हणाले, बघा मग तुमचं तुम्ही. तेव्हापासून एजन्सीकडून कामाचा फोन आलेला नाही.

त्या जोडप्यातल्या मुलीचा फोन मात्र आला.  म्हणाली, "ताई, मला ते स्वयंपाकघर इतकं आवडलं होतं." तिच्या आवाजात माझ्यावरचा राग होता आणि तो मला ओळखीचा होता. एसटीत मी तुझ्या शेजारी तोच राग धरून बसले होते. "घेऊ नका असं म्हणू का घरच्यांना?" तिनं विचारलं. तू असतीस तर 'नको' म्हणून टाकलं असतंस. मी म्हटलं, "आधी पाणी तपासा. मग दोघं बसून ठरवा." दोघं हा शब्द मी जरा मोठ्यानं म्हटला, का ते तिला कळलं नसणार.

तुलाही ठाऊक नाही. तू शेजारणीकडे होतीस आणि मामा पान लावत होता, तेव्हा तो मुलगा पडवीच्या खांबाशी येऊन हळूच म्हणाला होता, "आमच्यात पानी मीच आनतो. सायकलीवर. आईला नाय जाऊ देत." एवढंच. मी मान खाली घालून हसले होते. एसटीत तुला सांगायचं ठरवलं होतं मी. पण तू खिडकीशी टेकून डोळे मिटले होतेस, हात कमरेवर होता, आणि गाडी प्रत्येक खड्ड्यात आदळली की तुझे ओठ आवळले जात होते.