लाल काढायचं काम

२८ नोव्हेंबर १९९९, आष्टा

पोचले एकदाची! साताऱ्याहून निघताना आई रडली, मावशी रडली, समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूही रडल्या, आणि मी जीपमध्ये बसून सगळ्या पिशव्या आल्या का ते बघत होते. मला रडू लवकर येत नाही. आईच्या मते हा दोष आहे, माझ्या मते सोय.

घर छान आहे. खाली फोटो स्टुडिओ, वर आम्ही. सासरे आदगोंडा पाटील यांना सगळे आप्पा म्हणतात. आष्ट्यातली निम्मी लग्नं आणि बारशी त्यांनीच टिपलीत. सासूबाई गुणमाला, गावाच्या अक्का, आता माझ्याही. नवऱ्याचं नाव चारचौघांत घेत नाही, इथे घेईन: पारस. अक्कांनी दारातच माझा हात धरून घरचे नियम सांगितले. दिवस मावळायच्या आत जेवायचं आणि भांडायचं असेल तर जेवल्यावर, उपाशीपोटी नाही. मला त्या तिथल्या तिथे आवडल्या.

पारसच्या चुलतभावाने अमेरिकेहून डिजिटल कॅमेरा पाठवलाय. रीळ नाही, धुलाई नाही, फोटो काढला की मागच्या काचेवर लगेच दिसतो. कॉम्प्युटर आणि रंगीत प्रिंटरही घेऊन ठेवलाय, चालवणारं कुणी नव्हतं. माझा कॉम्प्युटरचा कोर्स बघूनच मला पसंत केलं असणार. पारस नाही म्हणतो, पण हसून म्हणतो.

३ डिसेंबर

माझं काम ठरलं. कॅमेऱ्याच्या डोक्यात एक बारका फ्लॅश आहे, बटण दाबलं की टुणकन वर येतो. तो भिंगाच्या इतका जवळ की उजेड सरळ डोळ्यांत शिरतो आणि फोटोत सगळ्यांची बुबुळं लालभडक येतात. नवरी लाल, नवरा लाल, करवल्या लाल. मी दिवसभर ते लाल काढते. डोळा पडदाभर मोठा करायचा आणि माऊसने काळा रंग भरायचा. आधी डावा, मग उजवा. आता गिऱ्हाईक दुकानात शिरतानाच विचारतं, लाल काढलं का? लाल हा कॅमेऱ्याचा दोष आणि पाटलांची सून तो काढते, एवढं साऱ्या आष्ट्याला पाठ झालंय.

पारसला वेगळा मोठा फ्लॅश हवाय. तो कॅमेऱ्यावर चढवून त्याचं तोंड छताकडे वळवता येतं. उजेड छतावरून खाली उतरतो, चेहरे मऊ दिसतात, कपाळं चकाकत नाहीत आणि डोळे काळेच राहतात. आप्पांचं म्हणणं, कॅमेऱ्यात एक दिलेला असताना दुसऱ्याची चैन कशाला? मी पारसच्या बाजूने. माझी मान आखडलीय.

७ डिसेंबर

अक्कांना आज तो त्रास झाला. भाजी निवडता निवडता कलंडल्या, दातखीळ बसली, हातपाय गार. मी घाबरून हाका मारल्या तर पारस वर आला, त्यांच्या डोक्याखाली उशी ठेवली आणि पुन्हा खाली गेला. होतं म्हणे अधूनमधून. खरंच, थोड्या वेळाने अक्का उठल्या, पदर सारखा केला आणि माझा चहा पचपचीत होतो असं सांगितलं.

११ डिसेंबर

मागच्या आळीतल्या बनाबाई गेल्या. इथे म्हाताऱ्या माणसांचा बऱ्याचदा एकही फोटो नसतो. माणूस गेलं की आधी स्टुडिओत निरोप येतो. अंघोळ घालून, नवं लुगडं नेसवून खुर्चीत टेकवून बसवतात आणि फोटोपुरत्या कुणीतरी पापण्या वर धरतं. मिटल्या डोळ्यांचा फोटो भिंतीला चालत नाही. आप्पा मला शिकायला म्हणून घेऊन गेले. भीती वाटली नाही. अंघोळ घालणाऱ्या बायका म्हणत होत्या, म्हातारी अजून कशी मऊ हाय, लय पुन्यवान.

दुपारी नेलं. संध्याकाळी त्यांचा पुतण्या भाऊसो फोटोला थांबला होता. डोळे नेहमीसारखे लाल आले होते. काळे केले. फोटो छान झाला, भाऊसोने हात जोडले.

१८ डिसेंबर

आज धुळा मेंढकेंचा शेवटचा फोटो. तोच कॅमेरा, तोच बारका फ्लॅश, उघडे डोळे. पण लाल नाही. नुसते करडे, धुरकट. मला बरंच वाटलं, काम वाचलं.

२१ डिसेंबर

आणखी एक मयत, पेठेतली. डोळे करडेच.

जेवण झाल्यावर कॅमेऱ्याबरोबर आलेलं पुस्तक काढून वाचलं. त्यात लाल का दिसतं ते दिलंय. डोळ्याच्या मागच्या पडद्यात रक्त असतं. उजेड आत जातो आणि ते रक्त दाखवून परत येतो. मी दोनदा वाचलं. मग पुस्तक मिटून भांडी घासायला गेले. भांडी घासताना बनाबाई आठवल्या.

२२ डिसेंबर

मूळ फोटो नाही. काळे केलेले डोळे मी त्याच्यावरच साठवले होते. भाऊसोच्या घरी भिंतीवर आहे तो माझा रंग.

पारसला सांगितलं. तो म्हणाला, कोन वेगळा असेल, पापणी कमी उघडली असेल, पुस्तकवाल्यांना आपली पद्धत काय माहीत. तो समजूतदारपणे बोलत होता. मला काहीच वाटत नाहीये. पाय खूप वेळ दुमडून बसलं की जसा होतो, तसं सगळं अंग झालंय.

२४ डिसेंबर

अक्कांना सांगितलं. सांगायला नको होतं. त्या कितीतरी वेळ माझे हात चोळत बसल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते पारसलाही माहीत नाही. लग्नाआधी माहेरी त्यांना असाच झटका आला होता. लोकांनी गेली म्हणून खाली काढून ठेवलं, कानाशी णमोकार मंत्र सुरू केला. अक्का म्हणाल्या, “समदं ऐकू येत हुतं गं. आईचं रडणं, लाकडं आनायला मानसं निघाली ती. जीभ हलत न्हवती.” एक काकी पाय धुवायला आली, तिला अंगठा हलल्यासारखा वाटला, म्हणून वाचल्या.

त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. “माजा फोटो तुज्या त्या बारक्या लायटानंच काड. आनि लाल दिसलं तर कुनाला हात लावू दिऊ नगंस.” मी हो म्हटलं. त्या हसल्या, आणि आता माझा चहा सुधारलाय म्हणाल्या.

२९ डिसेंबर

पारस सांगलीहून मोठा फ्लॅश घेऊन आला. मला म्हणाला, तुझ्या मानेसाठी. आप्पांनीही तो ठेवून घेतला, कारण फोटो खरोखर देखणे येतात. मीच मागितला होता, आता नको कसा म्हणू? म्हटलं तरी. निदान मयतीला तो काढून बारकाच वापरा म्हटलं. आप्पा म्हणाले, मेलेल्या माणसाचा तरी फोटो देखणा येऊ दे की.

मोठा चढवला की बारका उघडतच नाही.

२ जानेवारी २०००

नव्या सालात सगळे कॉम्प्युटर बंद पडणार होते म्हणे. आमचा चालू आहे. काढायला लाल नाही. सगळ्यांचे डोळे काळे, सुरेख.

८ जानेवारी

दोन मयती झाल्या. मोठ्या फ्लॅशने. दोघांचे डोळे काळे, पाणीदार, शेजारच्या बारशातल्या पाहुण्यांसारखेच. जिवंत कोण, मेलेलं कोण, काही सांगता येत नाही. म्हणजे मला आता काही कळत नाही. कुणी विचारतही नाही.

१४ जानेवारी

अक्कांना आज पुन्हा झटका. या वेळी खूप वेळ. मी स्टुडिओतून कॅमेरा आणला, मोठा फ्लॅश उतरवला, पापणी वर करून बारक्याने फोटो काढला. लाल. दोन्ही डोळे लालभडक. मी तिथेच भिंतीला टेकून बसले. इतकं सुंदर काही मी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी त्या उठून तिळाच्या वड्या थापत होत्या.

पारस चिडला. आजारी आईचे फोटो काढतेस?

१९ जानेवारी, सकाळ

अक्का उठल्या नाहीत. मी उशी ठेवली. वाट बघतेय.

१९ जानेवारी, अकरा वाजून गेले

डॉक्टर आले होते. नाडी बघितली, छातीला नळी लावली. गेल्या म्हणाले. मी त्यांना वचनाचं सांगितलं, त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. माणसं जमलीत. आप्पा कोपऱ्यात बसलेत, त्यांच्याकडे बघवत नाही. आत अंघोळ घालतायत. हात मऊ आहे अजून. मीच धरला होता.

१९ जानेवारी, दुपार

फोटो पारसने काढला. रडत रडत काढला, मोठा फ्लॅश छताकडे करून. मी म्हटलं एक बारक्याने काढू दे. तो म्हणाला, आई भुतासारखी दिसेल त्यात.

त्याने कॅमेरा ठेवला तसा मी उचलला. फ्लॅश ओढून काढला, पापणी धरली आणि एक काढला. बायका ओरडल्या. काच उजळली आणि लगेच विझली. सेल संपले. स्टुडिओत नवे आहेत, वरच्या खणात — उचलतायत — मी खाली जाते —

१९ जानेवारी

सेल घातले. लाल आहेत.

दोन्ही.

१९ जानेवारी, नंतर

बायका मयतीबरोबर जात नाहीत. मी गेले. चौकात गाठलं. पारसपुढे कॅमेरा धरला. तो थांबला, सगळे थांबले. मी सांगितलं. नीट सांगितलं, हळू, पुस्तकात होतं तसं. ओरडले नाही. रडू येईना. डोळे चोळले तरी येईना. रडत सांगितलं असतं तर —

पारस बघत होता काचेकडे. वाटलं, त्याला पटतंय. मग भाऊसो मान पुढे घालून म्हणाला, “आवं वैनी, लाल तर समद्यांचंच येतंय की. कॅमेऱ्याचा दोष हाय त्यो. तुमीच तर काडता.” माना हलल्या. गावाला पाठ आहे. मीच शिकवलंय.

मी म्हटलं, त्यांना ऐकू येतंय. पारसने माझ्या हातातून कॅमेरा घेतला, हळूच, आणि बंद केला. बायकांनी मला धरलं.

तिरडी हलली. अक्कांचा अंगठा — मला तिथून दिसत नव्हता —

संध्याकाळ

गच्चीतून धूर दिसतो. दिवस मावळायच्या आत झालं.

२० जानेवारी

कुणी मला काही बोलत नाही. सगळे प्रेमाने वागतात. चहा केला. पचपचीत झाला.

२१ जानेवारी

पारसने काढलेला फोटो हलला होता. रडत काढला होता ना.

आप्पा वर आले. दारातच उभे राहिले. म्हणाले, पोरी, तुझाच चांगला आलाय. तोच भिंतीला लावू. लोक यायचेत. तेवढं लाल —

मी हो म्हटलं.

२१ जानेवारी, दुपार

पडदाभर अक्कांचा डोळा. माझ्याकडेच बघतायत. सगळं ऐकू येतं त्यांना.

आप्पा खालून विचारतायत, झालं का.

हाताला काही वाटत नाही. हात आपोआप चालतो. आधी डावा. डावा झाला.

उजवा अजून —