जोडभोकांची हद्द

३ मार्च
पोचलो एकदाचे. समुद्र दारापासून वीस पावलांवर, मागे विहीर. आईला खोली पसंत पडली, म्हणजे निम्मी लढाई जिंकली. माझं काम सोपं: एका जातीचा शिंपला कुठून कुठपर्यंत आढळतो, ते नकाशावर नोंदवायचं. ओल्या वाळूत शेजारीशेजारी दोन बारीक भोकं दिसली की खाली तो असतोच. बाजूला दाबलं की पाण्याची पिचकारी उडते. नियम एकच, जिवंत दिसल्याशिवाय ठिपका द्यायचा नाही.

५ मार्च
माझ्याआधीचा नोंदणीवाला याच घरात राहायचा. त्याचे ठिपके किनारा सोडून आमच्या अंगणात, विहिरीत, आणि कहर म्हणजे घरात शिरलेत. स्वारीला ऊन लागलं असणार. हसून हसून पुरेवाट झाली. सगळे ठिपके खोडून हद्द भरतीच्या रेषेवर आखली आणि नकाशाची प्रत साहेबांना पाठवली.
आई विहिरीचं पाणी कोमट करून त्यात पाय सोडून बसते. टाचांच्या भेगा फार दुखतात तिच्या.

९ मार्च
कपडे वाळत घालायच्या दोरीखाली जोडभोकं. दाबलं, पिचकारी उडाली. खणून काढला, उघडून शिंपांच्या बिजागरीवरचे दात, म्हणजे जातीची खूण, दोनदा मोजले. तोच. गोड्या पाण्याच्या मातीत हा जगत नाही. विहिरीचं पाणी चाखलं, खारट लागलं. आईला विचारलं तर म्हणाली, पहिल्या दिवसापासून खारटच आहे, तू चहात बुडालेली, तुला काय कळणार.
घरमालकिणीला विचारलं, आधीचा माणूस गेला कुठे. ती म्हणाली, ठाऊक नाही, चपलासुद्धा इथेच आहेत.

१२ मार्च
घर बदलून द्या म्हणून साहेबांना फोन केला. ते म्हणाले, बाई, तुमच्याच नकाशात तुमचं घर हद्दीबाहेर आहे. फोन ठेवला.
आधीच्या नोंदणीवाल्याचा मूळ नकाशा खिडकीशी धरला. खोडलेलं अजून दिसतं. शेवटचा ठिपका आईच्या खाटेच्या जागी. बाजूला बारीक अक्षरात: डावा पाय.

१३ मार्च
आई खुशीत आहे. टाचा दुखायच्या थांबल्या म्हणाली. सुई टोचली तरी कळत नाही म्हणाली. पाय दाखव म्हटलं तर पदराखाली घेतले. मला भीती वाटतेय.

१४ मार्च, सकाळ
डाव्या टाचेवर दोन भोकं. शेजारीशेजारी. भेगाच असतील — भेगाच —

दहा वाजता
दाबलं. तोंडावर पाणी उडालं. खारट. आई हसली, गुदगुल्या होतात म्हणाली.

साडेदहा
डॉक्टरांची गाडी तासाभरात येईल. आई, माझं चुकलं. त्याचे ठिपके मी —
आता शाईने देतेय, कुणी खोडू नये म्हणून. एक खाटेवर. दुसरा इथे, टेबलापाशी, कारण पेन धरलेलं बोट मघापासून बधिर आहे आणि त्याच्या टोकाला दोन —