वळशातली खाच

८ जानेवारी, मंगळवार

पाद्रीबुवांनी आज स्पष्टच सांगितलं. चर्चचं तळघर तीस मार्चपर्यंत आमचं. तोवर क्लबात आठ माणसं झाली तर पुढेही राहा, नाहीतर तिथे पाळणाघर येणार. आम्ही आहोत पाच. त्यातला एक फ्लोरिडाला गेलाय. तो परत येत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त पाटीवरून नाव कुणी पुसत नाही.

खाली चाळीस वर्षांचं काम आहे. अठ्ठावीस फूट लांब टेबल, त्यावर जुनियाटा नदीकाठची १९५४ सालची रेल्वे, छोटी हुबेहूब प्रतिकृती – खऱ्याच्या सत्याऐंशीव्या भागाएवढी. रुळाखालचा एकेक स्लीपर हाताने बसवलेला. टेबल तिथेच बांधलं, दारातून अख्खं निघणार नाही. खोली गेली की ते करवतीने कापायचं.

ऑर्विल आमचे अध्यक्ष, वय अठ्ठ्याहत्तर. म्हणाले, "नवशिके आण. आणि त्यांच्या हातात द्यायला काहीतरी बरं शोध. तू सगळं आपलं आपण शिकलास, तुलाच कळणार बरं काय ते."

खरंय. मलाच कळणार.

१२ जानेवारी, शनिवार

वाचनालयातून चार पुस्तकं आणली. पहिल्यात तारेची जाडी चूक – लांबच्या रुळावर गाडी रांगायला लागेल. दुसऱ्यातला डिंक मिळेनासा होऊन तीस वर्षं झाली. तिसऱ्यात वाफेच्या इंजिनाचं चित्र आरशात पाहिल्यासारखं उलटं छापलंय आणि कुणाच्या लक्षात आलेलं नाही! चौथं त्यातल्या त्यात बरं. पण वळशाची गोष्ट पान एकशे चाळीसवर.

नवशिका वळसा पहिल्याच आठवड्यात घालतो. गाडी फिरून आल्या वाटेने परत जावी असं कुणालाही वाटतंच. मग काय होतं, तर डावा रूळ वळून येतो आणि उजव्याला भिडतो. एकात वीज जाणारी, एकात येणारी. बटण दाबलं की सगळं ठप्प. उपाय साधा आहे – वळशाच्या दोन्ही टोकांना दोन्ही रुळांत आरपार खाच पाडायची, म्हणजे वीज तिथे तुटते, आणि वळशाला वेगळा स्विच द्यायचा.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चौदाव्या वर्षी, क्लबातल्या वळशाशी सात आठवडे झगडून माझं मी शोधलं. क्लब सुरू करणारे एमेट – अख्खी हयात खऱ्या रेल्वेत सिग्नल दुरुस्त करत घालवलेली – त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. मीच त्यांना दाखवलं.

२० जानेवारी, रविवार

सकाळपासून व्हिडिओ. एक गृहस्थ नऊ मिनिटं आपल्या कुत्र्याबद्दल बोलले. दुसरा रुळावरून गाडी चालवून न बघताच खडी चिकटवतो. तीन लाख लोकांनी पाहिलंय म्हणे. तीन लाख लोक आता खडी खरवडत बसणार.

माझी बायको लोइस भांडी पुसता पुसता म्हणाली, "तुला कधी कुणाचं काही आवडलंय का रे? माझा अ‍ॅपल पाय सोडून."

अ‍ॅपल पायबद्दलही बोलण्यासारखं होतं. बोललो नाही.

२९ जानेवारी, मंगळवार

ठरवलं. आपणच लिहायचं. नवशिक्याने काय वाचावं, काय बघावं, त्यातलं नेमकं काय चुकलंय, आणि बरोबर कसं करायचं. अकरा पानं झाली. एकूण चौसष्ट टिपा. माझ्या मते सबंध पेनसिल्व्हेनियात असं दुसरं काही नसेल.

ऑर्विलना वाचायला दिलं. बराच वेळ चष्मा पुसत बसले. म्हणाले, "बिनचूक आहे."

९ फेब्रुवारी, शनिवार

लोकांना बघायला बोलावलं होतं. तिघं आली. एक जोडपं. नवऱ्याने विचारलं, कुठलं इंजिन आधी घ्यावं. मी म्हटलं, इंजिन शेवटी. आधी टेबल, मग तारा, पान एक ते तीन. बायकोने घड्याळाकडे पाहिलं.

तिसरी डोरीन. नर्स आहे, पन्नाशीची. वडील वारले, त्यांच्या माळ्यावर रेल्वेचं खोकं सापडलं. "स्वयंपाकघरात मांडलं हो सगळं. छान पळत होती. मग मला हौस, आत एक वळसा घातला. तेव्हापासून मेलीय."

तेच! मी म्हटलं, "पान चार, टीप बावीस."

तिने वाचलं. "खाच कशाला पाडायची?"

"पान दोन."

ती हसली. "अहो लामार, तीस वर्षं नर्स आहे मी. शीर कशी शोधायची ते मला पान चारवर नाही सापडलं. कुणीतरी दंड पुढे केला होता."

मी तिला पान दोन काढून दिलं. तिने कागदांची घडी करून पर्समध्ये ठेवली. जाताना वळशापाशी जरा थांबली होती. गाडी फिरताना बघत.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

कुणी आलं नाही.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

कुणी आलं नाही. टीप एकतीसमध्ये एक चूक सापडली. दुरुस्त केली. कुणासाठी, माहीत नाही.

५ मार्च, मंगळवार

ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस उद्यापासून, म्हणून ऑर्विलनी दरवर्षीसारखे बटाट्याचे डोनट तळून आणले. चार डझन. "नवे लोक येतील," म्हणाले. खायला आम्ही तिघं.

तिसरा डोनट खाताना त्यांनी विषय काढला. "त्या नर्सबाईला तू पान काढून दिलंस."

"बरोबर पान होतं."

"होतंच. एमेट असते तर—"

"एमेटनी मला काही शिकवलं नाही," मी म्हटलं. "सगळं माझं मी केलं."

ऑर्विल माझ्याकडे बघतच राहिले. मग मिशीवरची साखर झटकली. "हो रे बाबा. एमेटनी काही शिकवलं नाही. अगदी खरंय."

१६ मार्च, शनिवार

पाद्रीबुवांना भेटलो. भला माणूस. नाहीच म्हणाला. पाळणाघरासाठी एकोणीस नावं आली आहेत. आमच्याकडे तीन महिन्यांत एकही नाही.

२३ मार्च, शनिवार

कापायला सुरुवात केली. करवत मी धरली, इतरांना सरळ जमत नाही. पूल निघाला. कोळशाचं यार्ड निघालं. दुपारी ऑर्विल बाहेर गाडीत जाऊन बसले, आत आलेच नाहीत.

वळशाचा तुकडा तेवढा मी घरी नेणार. चार फूट बाय चार. गॅरेजमध्ये मावेल.

२६ मार्च, मंगळवार

आमच्याकडे एक पद्धत आहे. टेबलाखाली शिरून जो काही करेल त्याने तिथेच फळीवर पेन्सिलीने तारीख घालून लिहायचं. कागद हरवतो, फळी हरवत नाही – हे एमेटचं म्हणणं. टेबलाखालचं सगळं मी वाचलेलं आहे. निदान तसं मला वाटत होतं.

आज वळशाचा तुकडा सोडवायला खालची आडवी पट्टी काढली. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच. तिच्यामागे एमेटचं अक्षर.

"१४ ऑक्टो. ७८. वळशात खाचा मुद्दाम पाडल्या नाहीत. लामार शोधेल. कुणी सांगायचं नाही. ऑर्विल, तूसुद्धा."

खाली दुसरी पेन्सिल, जरा फिकी.

"२ डिसें. शोधलं! सात आठवडे. मला समजावून सांगत होता. म्हटलं, मला ठाऊकच नव्हतं."

पाठीवर पडून होतो तसाच राहिलो. वरून ऑर्विल म्हणाले, "सापडलं का?" मी म्हटलं, स्क्रू सापडला.

२८ मार्च, गुरुवार

अकरा पानं शेगडीत घातली. गॅरेजमध्ये वळशाच्या चारही खाचा कथील भरून बुजवल्या, स्विच काढून टाकला. बटण दाबलं. ठप्प.

डोरीनला फोन केला. म्हणाली, खोकं परत माळ्यावर टाकलं, पुस्तकबिस्तक वाचणं काही व्हायचं नाही. मी म्हटलं, पुस्तक नको, शनिवारी नुसत्या या. माझा वळसा चालत नाहीये.

"तुमचा?" म्हणाली. "का बरं?"

मी म्हटलं, "कळत नाहीये मला."