औषधाच्या बाटलीचं डिझाइन

२ सप्टें., अमरावती
पुण्याच्या कंपनीचा मेल. प्रॉडक्ट डिझाइनची मुलाखत, १५ तारखेला, व्हिडिओवर. दोन वर्षं कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतेय, तेवढ्या काळात मुलाखतीचा हा पहिलाच मेल. लगेच अकोल्याला इम्रानला फोन. इंजिनिअरिंगला एकाच बाकावर होतो. अशा तीन मुलाखतींत नापास झालाय, म्हणून माझा गुरू. "रोज संध्याकाळले एक प्रश्न. वीस मिनिटं. रडायचं नाई."

३ सप्टें.
प्र.: आंधळ्या माणसासाठी घड्याळ. मी सरळ बटणांवर उडी मारली. इम्रान भडकला. "अवो, पहले त्याले तं विचार, तुले घड्याळ कायले पाह्यजे!"

५ सप्टें.
लिफ्टचा प्रश्न. पुन्हा तीच चूक. वापरणारा कोण, हे विसरते. 

७ सप्टें.
आज म्हणाला, फवारणीच्या औषधाची बाटली नव्यानं डिझाइन कर. हे तर माझं घरचंच. बाटलीवर कोड, त्याच्यावर मोबाईल धरला की मराठीत व्हिडिओ: किती टाकायचं, कसं टाकायचं. इम्रान म्हणे, "एक नंबर." पहिल्यांदाच वेळेत संपलं.

१० सप्टें., हिवरखेड
रविवार. देविदासमामांना हे उत्तर ऐकवायला आले. बाबा गेल्यावर मला शिकवलं ते मामांनीच, त्यामुळे शाबासकी हवी होती बहुतेक.
"मोबाईल वावरात नेतच नाई मी. औषधाचे हात लागले का गेला तो."
"मग किती टाकायचं, कसं कळते?"
"झाकणानं."
झाकण कुठलं, तर मागच्या वर्षीच्या दुसऱ्याच बाटलीचं. लेबल चष्म्याशिवाय दिसत नाही. चष्मा घामानं घसरतो म्हणून घरी. यंदा अळी मरत नाही, म्हणून दोन औषधं एकत्र. तोंडाला दुपट्टा. हातमोज्यांचं विचारलं तर मामी हसली.
माझं उत्तर पार कोसळलं. बसमध्ये वहीत नव्यानं सुरुवात. खरं सांगायचं तर खूश होते.

१२ सप्टें.
क्लासमध्ये असतानाच मामीचा फोन. मामा फवारून आले, ओकाऱ्या, डोळ्यांपुढे अंधारी. अकोल्याला नेताहेत. मिळाली ती एस.टी. पकडली.

१३ सप्टें., अकोला
मामांच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ओळखतात, बोलत नाहीत.
डॉक्टर काल आल्या आल्या विचारत होते, औषध कोणतं? बाटली कुठे आहे? बाटली वावरात. मामीला एवढंच आठवे, "हिरवं झाकण होतं." आणि झाकण तर... मला माहीत होतं ना, झाकण दुसऱ्याच बाटलीचं. रविवारी वहीत लिहून घेतलं होतं. लिहून घेतलं, अन् मामांना "असं करू नका" म्हटलं नाही.
शेवटी शेजारच्यांना वावरात पाठवलं. फोनवर बाटलीवरचं एकेक अक्षर वाचून दाखवलं त्यांनी.

१४ सप्टें.
मामांनी पेज घेतली. धोका टळला म्हणतात. इम्रान डबा घेऊन आला. बाहेर बाकावर हळूच म्हणाला, "उद्या हेच सांग. असं उत्तर कोनाजवळच नसन."
"मामा हायेत ते माये. उत्तर नाई."
त्यानं डबा आवरला. जाताना फक्त, "माया घरून दे मुलाखत. नेट चांगलं आहे."

१५ सप्टें.
जठारपेठ, इम्रानच्या घरी. त्याच्या अम्मीनं मिक्सर बंद ठेवला, पोळ्यासुद्धा थांबवल्या.
पहिला प्रश्न शाळेच्या बसचा. बरा. दुसरा: रोजच्या वापरातली एखादी वस्तू घ्या आणि सुधारा. मी पाण्याच्या टाकीची तयारी केलेली. तोंडातून बाटली निघाली. मापाचं झाकण बाटलीलाच बांधलेलं. लेबलचा एक तुकडा फाडून खिशात ठेवायचा, माणूस पडला तर डॉक्टरांना दाखवायला. समोरच्या बाई लिहायच्या थांबल्या.
"हे तुम्हाला कसं कळलं?"
"वावरात जाऊन विचारलं," म्हणाले. दवाखान्याचं बोलले नाही. मामा म्हणून तर नाहीच.
कॉल संपल्यावर अम्मीनं पाणी दिलं. 

१९ सप्टें., हिवरखेड
दुसऱ्या फेरीला बोलावलंय. बाटलीचंच सविस्तर मागितलंय, फोटोंसह. मामा कालच घरी आलेत. सांगून टाकलं, "मामा, तुमच्या बाटलीची गोष्ट मी मुलाखतीत सांगितली. न विचारता."
त्यांनी छपराच्या पत्र्याकडे बघत विचारलं,
"ते लोक बाटल्या बनवतात?"
"नाही. मोबाईलचं काम करतात."
"मंग त्यायले कायले पाह्यजे?"
विचार कसा करता ते बघतात, असं काहीतरी मी बोलले. मलाच पटलं नाही.
"नौकरी लागत असन तं सांग बापा. फोटो नको काढू पन."

२६ सप्टें., अमरावती
दुसरी फेरी झाली. फोटोऐवजी हातानं काढलेली चित्रं दाखवली. चाळीस मिनिटं. "कळवू."
इम्रान विचारतो, कशी झाली? चांगली झाली. चांगली झाली, हेच बोचतंय.

२८ सप्टें.
मेल नाही. सकाळी मामीचा फोन: मामा फवारणीचा पंप घेऊन वावरात गेले.
"मामी, थांबवलं काहून नाई?"
"थांबवलं होतं दोन दिवस. अळी थांबते का?"
आले की फोन करायला सांगा म्हटलं. बाराला येतात जेवायला. आता सव्वादोन. दोनदा फोन लावला, मामी उचलत नाही.