खाडीकाठची कावीळ

पनवेल,
१४ डिसेंबर १९५७

प्रिय चंद्रा,

तुझी पत्रं मिळाली आणि मी उत्तर दिलं नाही. रुसली असशील. आई रोज मागे लागते, "पोरीला दोन ओळी तरी टाक गं." पण जे लिहायचं होतं ते लिहवत नव्हतं. आज बसले आहे.

प्रयोगशाळेने मला मुंबईहून इकडे काविळीच्या साथीसाठी पाठवलंय, हे तुला ठाऊकच आहे. गाव आपल्यापासून जवळच, खाडीला लागून. निम्मी घरं मिठागरात राबणारी, निम्मी मासेमारीवर जगणारी, आणि जिथे जावं तिथे पिवळे डोळे. पहिल्या दिवशी रक्त घ्यायची सुई बाहेर काढली तर अंगण रिकामं! शेवटी काविळीवर माळ घालणाऱ्या कृष्णाबाईंनीच हात पुढे केला, "घे माजं, बगू काय होते ते." मग बाकीच्या आल्या. रक्ताच्या नळ्यांसाठी बर्फ मिळतो तो मासळीच्या पेटीतला. आमचे नमुने पापलेटांच्या शेजारी बसून मुंबईला जातात आणि तिकडे साहेब नाक दाबून पेटी उघडतात.

हा विषाणू अजून आमच्यापैकी कुणी पाहिलेला नाही, चंद्रा. जो दिसत नाही त्याच्या मागे लागायचं म्हणजे माणसांनाच विचारत फिरायचं. फिरता फिरता लक्षात आलं, की होड्यांवरचे पुरुष बहुतेक धडधाकट आहेत आणि घरातल्या बायका आजारी. होडीवाले पाण्याची पिंपं भरून घ्यायचे उरणला. बायका पाणी भरायच्या दाजींच्या विहिरीवर. दाजी गावातले वडीलधारे. बायको वारल्यावर तिच्या नावाने त्यांनी ती विहीर खणली होती. मोठ्या उधाणात बांध फुटला, तेव्हापासून गटाराचं पाणी तिच्यात झिरपत होतं. विहीर बंद करा म्हटलं तर म्हातारा उखडला, "माज्या विहिरीला नावं ठेवू नको, बाय. पानी गोड हाय."

त्याच आठवड्यात गावातली भामा काविळीने गेली. पोटुशी होती. इतर माणसं पिवळी पडतात, महिनाभर गळून जातात आणि उठतात. पोटुशी बाई मात्र पाहता पाहता हातची जाते. का, ते मला सांगता येत नाही. पण हे मी डोळ्यांनी पाहिलं. पाठोपाठ दाजींची लेक शांती आजारी पडली. पहिल्या बाळंतपणासाठी आली होती. दवाखान्याच्या पायरीवर दाजी डोकं धरून बसले होते. मला पाहून म्हणाले, "मीच तिला बोलावली, बाय. सासरी बरी होती ती."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने विहिरीवर फळ्या ठोकल्या. शेजारच्या गावातून पाणी आणायचं आणि उकळूनच प्यायचं, असं ठरलं. कृष्णाबाई माळ घालताना दटावू लागल्या, "कच्चं पानी प्यालीस तर माज्या माळेचा गुन नाय येनार." मी हसून मान डोलावली. शांती मात्र शुद्धीत नव्हती. मी तिच्याजवळ बसून राहायची. करण्यासारखं फार काही नव्हतंच. मग एका सकाळी तिने डोळे उघडले आणि पेज मागितली. परवा तिला मुलगी झाली. आवाज असा खणखणीत, की दाजी बाहेर अंगणात रडायला लागले. गावात आता नवा आजारी सापडत नाही.

आता जे लिहवत नव्हतं ते. आपल्या आळीतच दोन घरांत कावीळ निघाली आहे आणि ती कुठल्या पाण्यातून आली ते मला अजून सापडलेलं नाही. म्हणून तू येऊ नकोस. माहेराने बोलावलं नाही असं मनात आणू नकोस, मीच अडवते आहे. आई किती भांडली माझ्याशी! पहिलं बाळंतपण माहेरीच, तिला दुसरं ऐकायचंच नव्हतं. आज तिला शांतीकडे घेऊन गेले. दाजी तिच्याशी बराच वेळ बोलले. घरी आल्यावर तिने तुझ्यासाठी शिवलेली दुपटी आणि डिंक ट्रंकेत भरला, वर स्वतःची लुगडी ठेवली आणि मला म्हणाली, "सांगलीची गाडी कधी असते?" सोमवारी आम्ही दोघी निघतोय. सासूबाईंना हे पत्र वाचून दाखव. राग आला तर माझ्यावर काढू देत. आणि चंद्रा, आजपासून तिथलंही पाणी उकळूनच पी.

तुझीच,
ताई