गाठ, पण दोऱ्याची

शनिवार, दुपार

धाकटे,

तुला आणि घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद. भाऊजींचा गुडघा आता कसा आहे? त्यांना म्हणावं, जिना चढायची घाई करू नका. मी बरा म्हणायचा. रक्तदाबाची गोळी घेतली की नाही हेच आठवत नाही, म्हणून डबी सारखी उघडून बघतो. न्हाणीघरातला नळ गळतो आहे. नळवाला उद्या येतो म्हणून गेला, तो गेलाच. अक्षर समजून घे. मी जन्मभर कापडावर खडूने रेघा मारल्या, कागदाशी माझं कधी जमलं नाही.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी ‘हं’ म्हणेपर्यंत तू पुढच्या गावाला पोचलेली असतेस. आणि खरं म्हणजे हे बोलायला माझं तोंड उघडत नाही.

तू विणून पाठवलेली लोकरीची टोपी पोचली. वीण सुरेख आहे. इतकी मऊ लोकर हल्ली मिळत नाही. कडेला एकही टाका सैल नाही. तू किती जीव लावून विणली असशील ते हात लावल्यावरच कळलं, आणि मला ती हातात धरवेना.

धाकटे, पोरीचे केस गळणार नाहीत. तिला तो आजार नाही. कधीच नव्हता.

आता रागावू नकोस. निदान पुढचं वाचून मग रागाव. त्या दिवशी तू फोनवर विचारलंस, “दादा, पोरीला काय झालंय? आवाज असा का तुझा?” मी म्हणालो, “छातीचं ऑपरेशन झालं.” तू म्हणालीस, “अगं बाई! कशाचं?” मी गडबडलो. सकाळीच पोरगी मला म्हणाली होती, बाबा, टाक्यापाशी आत गाठ लागतेय हाताला. तेच माझ्या तोंडातून गेलं. “गाठ लागतेय,” म्हणालो. ती दोऱ्याची गाठ, धाकटे. आतले टाके विरघळणाऱ्या दोऱ्याने घालतात, त्याची गाठ कातडीखाली काही दिवस टोचते. शिंप्याच्या घरात गाठ म्हटली की दोऱ्याचीच. दुसरी गाठ माझ्या मनातसुद्धा नव्हती. पण तू जो हंबरडा फोडलास, त्यावरून तुला कोणती ऐकू आली ते कळलं.

तेव्हाच सांगता आलं असतं. मी तोंड उघडलंही होतं. पण तू रडत होतीस, आणि कशाचं ऑपरेशन, हे परत विचारत नव्हतीस. त्या आजाराचं नाव आलं की माणसं पुढे काही विचारत नाहीत. बिचारी म्हणतात आणि गप्प बसतात. मला ते गप्प बसणं बरं वाटलं. नंतर मावसभावाचा फोन आला, वहिनीचा आला. प्रत्येकाला मी नुसतं ‘हो, चाललंय’ म्हणत राहिलो.

खरं काय ते आता लिहितो. ती मोठी होऊ लागली तेव्हापासून तिची एक बाजू लहान राहिली. तिच्या आईला माहीत होतं आणि मला. मला कोणी सांगितलं नव्हतं. माप घेऊन तिची आई यायची आणि एवढंच म्हणायची, डावीकडे अस्तर जरा जाड लावा. मी लावायचो. आई वारल्यावर कोणी सांगेनासं झालं, तरी मी लावतच राहिलो. पोरगी कपडा घालून आरशासमोर उभी राहायची आणि म्हणायची, छान झालाय बाबा. आमच्या दोघांत या विषयावर एवढंच बोलणं झालं असेल.

तू तिला चष्म्याच्या दुकानात काम करताना पाहिलंस ना? गिऱ्हाईकाच्या कानामागे दांडी बसवायला तिला सारखं पुढे वाकावं लागतं. वाकताना तिचा एक हात गळ्यापाशी असायचा. ती सवय म्हणे तिच्या लक्षातही यायची नाही. नवऱ्याने काय काय ऐकवलं ते ती आता सांगते. तेव्हा आपल्याला वाटलं, दोघांचं पटलं नाही. या वर्षी तिने स्वतः ठरवलं आणि दोन्ही बाजू सारख्या करून घेतल्या. आजार नाही, काही नाही. स्वतःसाठी.

पट्टी निघाली आणि तिने आरसा पाहिला. मी बाहेर पाणी तापवत होतो. आतून काही आवाज येईना म्हणून हाक मारली, तर म्हणाली, “बाबा, जरा या.” अंगावर चादर होती. खालची कड तेवढी बाजूला करून म्हणाली, “शिंपी म्हणून बघा. बाप म्हणून नको. हे असंच राहणार?” टाक्याखाली कातडी गोळा होऊन बारीक बारीक चुण्या पडल्या होत्या. एका जागी बोट दाबल्यासारखा खळगा. वरची कातडी ताणून चकचकीत, मधे हिरवट पिवळं. मी तेवढं पाहिलं आणि भिंतीकडे बघत म्हणालो, “डॉक्टरीणबाई सांगतील ते.” तिने चादर ओढून घेतली.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, सूज उतरायची आहे, कातडीला नव्या आकारावर बसायला काही महिने लागतात, एक बाजू आज वर वाटते ती खाली येईल, चुण्या बहुतेक मुरतील. मी विचारलं, नाही मुरल्या तर? त्या म्हणाल्या, मग बघू. त्या ‘मग बघू’ने माझी झोप नेली. पोरगी दिवसातून कितीदा तरी आरशासमोर जाते. दार लोटलेलं असतं. मी बाहेर उगाच भांडी वाजवतो.

अशात तुझं पार्सल आलं. तिनेच उघडलं. टोपी हातात घेऊन विचारलं, “आत्याने कोणासाठी पाठवलीय?” मी म्हणालो, थंडी आहे ना. “इतकी घट्ट, कानांवरून? बाबा, माझ्याकडे बघा. तुम्ही आत्याला काय सांगितलंय?”

सांगितलं मग. तोंडातल्या तोंडात, पण सगळं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. टोपीची घडी घालत म्हणाली, “म्हणजे मी मरायला टेकलेली तुम्हाला चालते. मी स्वतःसाठी काही केलं ते चालत नाही.” मी म्हटलं, तसं नाही गं, लोक काय म्हणतील म्हणून. ती म्हणाली, “लोक नंतर. त्या दिवशी तुम्हीच भिंतीकडे बघितलंत. मला वाटलं बिघडलंय म्हणून बघवत नाही. तुम्हाला तर लाज वाटत होती.”

भीतीही होती, लाजही होती. कोणती किती, ते मलाच ठाऊक नाही.

सोमवारी ती डॉक्टरीणबाईंकडे एकटी जाणार आहे आणि तिथून दुकानातल्या मैत्रिणीकडे राहायला. थोडे दिवस, म्हणाली. नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हाही थोडे दिवसच म्हणाली होती, ते तू विसरली नसशील.

इथवर लिहून मी पत्र तिच्या दाराबाहेर उभा राहून वाचून दाखवलं. संपल्यावर ती आतून म्हणाली, “सगळं लिहिलंत. कशाचं ऑपरेशन ते अजून लिहिलं नाहीत. लहान बाजू, खालची कड, टाक्याखाली. शब्द लिहा, बाबा.”

लिहितो. माझ्या मुलीने तिच्या स्तनांचं ऑपरेशन करून घेतलं. ते तिला हवं होतं.

तू हे सगळ्यांना सांग. मावसभावाला, वहिनीला, ज्यांना ज्यांना माझ्यामुळे भलतं कळलं त्या प्रत्येकाला. या वयात कसली हौस म्हणतील, म्हणू देत. बापाचं डोकं फिरलं म्हणतील, तेही म्हणू देत. तू मात्र तिला फोन कर, आणि बिचारी म्हणू नकोस.

ती आत बॅग भरते आहे. तिचे हात अजून खांद्याच्या वर जात नाहीत. कपाटाच्या वरच्या फळीवरचे कपडे आत्ता मीच काढून दिले.

तुझा दादा,
एका धडधाकट मुलीचा बाप